दिवेलागणीची फुलं

१२ सप्टेंबर, गुरुवार
धुरळणीचा चौथा दिवस. डोळे चुरचुरतात, कपड्यांतला डिझेलचा वास जात नाही. गावात डेंगीचे तीन रुग्ण झाले, तिघेही आता बरे आहेत. तरी बन्सीधर सरपंचांचं एकच — दिवेलागणीला धूर निघालाच पाहिजे. सांगून दमलो, धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, रांजण घासून पालथे घाला. माना सगळेच डोलावतात. घासायला उठतंय कोण? धूर दिसला, आरोग्य सेवक दिसला, काम झालं!

१५ सप्टेंबर
शाळेमागे धुरपताबाईंचा दोडक्याचा मळा. अर्धा एकरच, पण आजी-नातीचं घर त्यावरच चालतं. नात भक्ती नववीत आहे. आज बाईंनी मांडवाखाली नेऊन दाखवलं — मादी फुलांखालची बोटभर दोडकी पिवळी पडून गळतायत. मधमाशा नाहीत, पतंग नाहीत. दोडक्याचं फूल उमलतं दिवेलागणीला, आणि मी मशीन घेऊन नेमका तेव्हाच येतो. एवढी वर्षं दोडकी खातोय, हे ठाऊक नव्हतं! लाज वाटली.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "श्रीरामभाऊ, आमचे भटजी तुमी मारले. आता लगीन तुमीच लावा."

१६ सप्टेंबर
लावलं. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, मादी फुलावर हलकेच टेकवायचं. भक्तीनं तासाभरात शंभर लावली, मी तीस. त्यातली दहा नराचीच नराशी! पोरगी पोट धरून हसली.

१८ सप्टेंबर
ठरवलं. शाळेमागे धूर बंद. त्याऐवजी घरोघरी जाऊन पाण्याची भांडी मीच तपासणार. सरपंच भडकले, वर तक्रार करतो म्हणाले. करा!

२३ सप्टेंबर
मांडवात मधमाशी दिसली. एकच. भक्तीनं हाक मारून दाखवली. आम्ही दोघं खुळ्यासारखे बघत उभे होतो. लग्न लावलेली दोडकी वीतभर झाली आहेत.

२७ सप्टेंबर
भक्तीला कालपासून ताप. रक्त तपासायला जिंतूरला पाठवलं.

मग मळ्यात गेलो. गावातली सगळी घरं पाहिली मी, पण इथे फुलांखेरीज कुठे बघितलंच नाही. मांडवामागे फवारणीसाठी पाणी साठवायचा ड्रम, अर्धा भरलेला. अळ्या वळवळत होत्या. ओतून दिला.

२८ सप्टेंबर
डेंगीच. प्लेटलेट ठीक आहेत, घाबरू नका म्हणाले डॉक्टर.

संध्याकाळी धुरपताबाई आरोग्य उपकेंद्राच्या दारात. धूर मारा म्हणाल्या. मी सांगितलं, चूक माझी, ड्रम ओतलाय, धुरानं तुमची फुलं मात्र जातील.

"फुलं समदी तोडली म्या. आता मारा."