कर्दळीच्या खड्ड्यातला मुरूम

आई,

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या चेअरमनने माझ्या कर्दळीच्या खड्ड्यात ट्रॅक्टरभर मुरूम ओतला. बिल्डिंगमधल्या सगळ्या न्हाण्यांचं पाणी त्या खड्ड्यातून गाळून पुढे पपई-केळींना जातं. आता ते पार्किंगमध्ये साचलंय. मी खाली उतरले तर साहेब हात झटकत होते. म्हणाले, "मॅडम, गटाराच्या पाण्यावर बाग? पाहुणे काय म्हणतील?" मी म्हटलं, "पाण्यासाठी टँकरवाल्याच्या हातापाया पडता आणि तेच पाणी अंघोळ झाली की वाया घालवता, त्याची लाज वाटू द्या आधी." जिना झाडणाऱ्या पाथर्डीच्या मावशी मध्येच बोलल्या, "सायेब, मागल्या उन्हाळ्यात हितल्याच पपया पिशवी भरून नेल्या तुमी. तवा वास न्हाई आला व्हय?" तुला त्या फार आवडल्या असत्या.

हा खड्डा मुळात तुझाच आहे. मिशनच्या बोर्डिंगचं स्वयंपाकघर, तू दीडशे मुलींच्या भाकऱ्या थापतेस आणि मोरीच्या पाण्यावर तुझी नजर. तळाशी दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग चुलीतला कोळसा, वर वाळू, आणि वाळूत कर्दळ. भांडी राखेनेच घासायची, कारण सोड्याचं पाणी झाडं जाळतं. कपड्यांचं पाणी तू वेगळ्या चरातून लांब काढून दिलंस. एकदा मी हात धुतलेलं पाणी अंगणात फेकलं तर पाठीत धपाटा घातलास. "येकदा वापरलं म्हनून पानी मेलं का?" दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या तेव्हाही बोर्डिंगच्या ताटात त्या मोरीच्या पाण्यावरचं तुझं अळू होतं. गेल्या वर्षी पालिकेचे इंजिनीअर सोसायटीतला खड्डा बघायला आले. ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला, आणि विचारलं, "डिझाइन कुणाचं?" मी म्हटलं, "माझ्या आईचं. चौथी पास." हे सांगताना मान इतकी ताठ होती की दुसऱ्या दिवशी दुखली.

चेअरमनला मी लेखी नोटीस दिली आहे. स्वच्छ, मुद्देसूद, तिसऱ्या परिच्छेदात थोडी झोंबणारी. त्यात लिहिलंय की चालता खड्डा बुजवणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर दुष्ट. हे वाक्य लिहिल्यावर पेन खाली ठेवलं आणि तुला लिहायला घेतलं.

मी अकरा वर्षांची होते. वर्गातल्या मुली मला मोरीवाली म्हणायच्या. बिशप येणार होते त्या सकाळी मी खड्ड्याकडे जाणाऱ्या पन्हळात चिंध्या आणि दगड कोंबले. वाटलं, खड्डा सुकेल, कर्दळ मरेल, विषय संपेल. पाणी उलटं स्वयंपाकघरात आलं. सिस्टर तुला सगळ्यांसमोर बोलल्या, आणि तू म्हणालीस, "माजंच चुकलं, शिष्टर." मी जेवणघराच्या दारात उभी होते, इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये. 

दुपारी तू पन्हळ मोकळं केलंस आणि त्या चिंध्या धुऊन दोरीवर वाळत घातल्यास. त्या माझ्या जुन्या निळ्या फ्रॉकच्या होत्या. तूच शिवला होतास तो. तुला कळलं होतं का?

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून टाकणार नाही. पण चेअरमनला मुरूम काढायला शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिली आहे, तीच तुला. उत्तर लेखी हवं.