बिनऑइलचं स्टेअरिंग

आप्पा, आज माझ्या गाडीचं स्टेअरिंग खरोखर जड झालं. शिक्रापूरच्या चौकात, पुढेमागे ट्रक, डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा पिवळा दिवा पेटला आणि स्टेअरिंग दगडासारखं घट्ट. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि तुमच्या सवयीनं बॉनेट उघडलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. या स्टेअरिंगला मोटर असते, वायरी असतात. ऑइल नाही, पंप नाही, पट्टा नाही. तरी दहा मिनिटं तिथं उभी राहून मी तुमच्यावर चिडत होते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण माझा राग काही तुमच्याबरोबर गेला नाही.

पाटसला हायवेला लागून तुमचं गॅरेज. ऑइलवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगचे पंप दुरुस्त करावेत तर तुम्हीच, म्हणून दौंडहून लोक गाड्या घेऊन यायचे. तुम्ही इंजिन चालू ठेवायचात, एका बोटानं स्टेअरिंग फिरवायचात, मान कलती करून ऐकायचात, आणि ऑइल कमी आहे की पट्टा ढिला ते बॉनेट न उघडता सांगायचात. मला केवढा अभिमान होता तुमचा! गाडी शिकवलीत तीही त्याच धाकात. वळवताना मी स्टेअरिंग पार टोकाला नेऊन दाबून धरलं की ओरडायचात, "सोड की जरा! पंप बोंबलतोय, ऐकू येत न्हाई व्हय?"

मग नोकरीला लागल्यावर मी ही गाडी घेतली आणि तुम्ही तिला पाण्यात पाहायला लागलात. "मोटर वळीवती आन् तू नुसती बसती. हाताला रस्ता कळतो तरी का?" मी सांगितलं, गर्दीत हलकं जातं, वेग वाढला की आपोआप जड होतं. 'आपोआप' या शब्दावर तुम्ही गिऱ्हाइकांसमोर हसलात. दोन वर्षं माझी गाडी दारात उभी राहायची आणि तुम्ही वळसा घालून जायचात. लेकीनं स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेतली, तिच्यावरून एकदा हात फिरवायला तुमचं काय जात होतं?

त्या दिवाळीत मी घरी आले होते. सकाळी स्वयंपाकघरात आई चकल्या तळत होती आणि तुम्ही उंबऱ्यावर चहा पीत होतात. मी म्हणाले, "आप्पा, स्टेअरिंग जरा जड चाललंय." कप ठेवलात आणि उठून बाहेर गेलात.

चार दिवसांनी मी आईला घेऊन माझ्याकडे शिक्रापूरला निघाले. वरवंडच्या अलीकडे ब्रेक चिकटल्यासारखे वाटले, आणि थोड्या वेळानं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. हँडब्रेक ओढून गाडी खडीच्या ढिगात घातली. आईचं मनगट मोडलं. वरवंडचा मेकॅनिक तुमच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि माझ्याकडं बघत राहिला. "ताई, ह्यात स्टेअरिंगचं लाल ऑइल कुणी वतलं? समदी रबरं फुगल्यात की!" तुमच्या फळीवरची लाल ऑइलची बाटली माझ्या डोळ्यांपुढं आली. मोटर असली तरी ऑइल लागणारच असं धरून, माझ्या गाडीत नसलेली स्टेअरिंग ऑइलची डबी तुम्ही शोधलीत, सापडेना तेव्हा जी सापडली तिच्यात ओतलंत. चष्मा लावायचा नाही हा एक हट्ट, आणि लेकीला विचारायचं नाही हा दुसरा. आयुष्य स्टेअरिंगखाली घालवलेला माणूस, आप्पा! हाक मारली असतीत तर मी चार पावलांवर होते.

आणि दौंडच्या दवाखान्यात, आईच्या हाताला प्लास्टर चाललेलं असताना, पाहुण्यांच्या घोळक्यात तुम्ही काय बोललात? "म्या सांगितलं व्हतं हिला. असली खेळणी बाईमाणसाच्या हातात दिली की असंच व्हायचं." पडलो तरी नाक वर! मी मूग गिळून बसले. आई त्यानंतर माझ्या गाडीत कधीच बसली नाही, मी न्यायला येते म्हटलं की एसटीनं यायची. तुम्ही ते बघत होतात. डबीत काय सापडलं ते त्या मेकॅनिकनं तुम्हाला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, हे तो मला नंतर बोलला. म्हणून तर तुम्ही पुन्हा एकाही गाडीचं बॉनेट उघडलं नाहीत. शटर ओढलंत, विचारेल त्याला "नजर गेली" म्हणालात आणि वर्षभरात गेलात. आईला मात्र एका शब्दानं सांगितलं नाहीत की चूक पोरीची नव्हती. त्याची चीड मला अजून येते आणि येतच राहील.

हे पत्र पाठवायचं कुठं? गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवून देईन. आज ते स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढताना कळलं की जड म्हणजे काय असतं. त्या दिवाळीत तसं काही नव्हतं, आप्पा. ते एका बोटानं वळत होतं. तुम्ही एकदा तरी माझ्या गाडीला हात लावावा, म्हणून मी खोटं बोलले होते.