लाँड्रीतली शाई

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलंय, त्याचा फार अर्थ लावू नकोस. रोज उद्यावर ढकलत होते हे पत्र. लिहायला बसलं की नुसत्या शिव्या सुचायच्या, आणि शिव्यांसाठी चांगला कागद कशाला नासवायचा? पण आज बोट पुन्हा रॉकेलमध्ये बुडवून बघितलं. डाग जिथल्या तिथे. म्हटलं, आता लिहायचंच.

सध्या मी गावातच एका पाट्या रंगवणाऱ्याच्या शेडमध्ये काम करते. मालक माणूस बरा आहे, फक्त चहाचा कप ब्रशच्या डब्याशेजारी ठेवतो आणि हमखास चुकीचं उचलून पितो. मग थुंकत थुंकत मलाच ओरडतो. असो, भरकटले. सांगत काय होते, इथे कसलाही रंग उतरवणारं थिनर आहे, पण तुझी शाई त्याला भीक घालत नाही.

मतदानाच्या आदल्या सकाळी तू आम्हा गावच्या पोरापोरींना शहरात तुझ्या चॅनेलच्या गच्चीवर उभं केलंस. 'तरुणांनो, मत द्या!' म्हणत बोटं नाचवायची. पेनाची खूण कॅमेऱ्यात खोटी दिसते म्हणून तू लाँड्रीतून कपड्यांवर खुणा करायची शाई आणलीस. मी विचारलं, निघेल ना रे? तर सगळ्यांसमोर म्हणालास, "भिंगरे, तू कुठे कधी टिकलीस का? मग तुझ्या बोटावर शाई काय टिकणार!" सगळे हसले. मीही हसले, गाढवासारखी.

दुसऱ्या दिवशी माझं पहिलं मत. त्यासाठी रात्रभर बसमध्ये उभं राहून गावी आले होते मी, आठवतंय? केंद्रावरच्या बाईंनी बोट धरलं आणि म्हणाल्या, "तुझं झालंय की!" टीव्हीसाठी लावलंय म्हटलं, तर मागून एकजण ओरडला, "मग आम्हालाही घ्या की टीव्हीत!" यादीत माझ्या नावापुढे मत दिल्याची खूण नव्हती. तरी "दुसरीकडे देऊन आली असशील" म्हणून बाहेर काढलं. अख्खी रांग हसत होती. बाबा नव्हते हसत. ते त्याच रांगेत होते आणि त्यांनी तोंड फिरवलं. घरी एवढंच म्हणाले, "भटकलीस, ते चालवून घेतलं. आता लबाडीही?" त्यानंतर शब्द नाही.

केंद्राच्या फाटकातूनच तुला फोन केला होता. गच्चीवरच्या सगळ्यांना असंच हाकललं, हेही सांगितलं. तू काय म्हणालास? "कुठे बोलू नकोस गं, माझी नोकरी जाईल." मी गप्प बसले. आणि संध्याकाळी तूच टाय लावून टीव्हीवर, 'तरुणांची मतदानाकडे पाठ!' तुझ्यामागे पडद्यावर कोण? फाटकातून पाय आपटत निघालेली मी! ओळखलं नाही म्हणू नकोस. अंगातलं जॅकेट तुझंच जुनं होतं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला, मला ऐकू यावं म्हणून.

तर आता मुद्द्याचं. सोमवारी आम्ही सगळे निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जाणार आहोत. त्यात तुझं नाव आहे आणि ते मीच घातलंय. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडेल. तोवर बातम्यांत स्वतःच्या तोंडाने खरं सांगितलंस, तर अजून दादा म्हणेन. नाही सांगितलंस, तरी तक्रार जाईलच. तुझी दया मागायला लिहीत नाहीये, आणि तुझी दया येतही नाही. तक्रारीत एकच खोट आहे. मला रांगेतून काढताना पाहिलेलं कुणी सही करायला तयार होत नाही.

थांब, बाहेर कुणीतरी मालकाला माझं नाव विचारतंय. अरे देवा. बाबा! या शेडला 'उनाडांचा अड्डा' म्हणणारे बाबा. दूधवाल्याच्या मुलीचं बोट बघून आलेत म्हणे, तीही तुझ्या गच्चीवर होती. त्यांनी माझं बोट हातात घेऊन बराच वेळ अंगठ्याने घासलं. आता विचारतायत, "सही कुठे करायची? मी होतो रांगेत."

तुझीच (हे मात्र सोमवारपर्यंतच),
भिंगरी