लाल बासनातले सातवे प्रकरण

॥ श्री महाकालेश्वर प्रसन्न ॥

मी, प्रतिभा श्रीधर पोतनीस, वय ७१, मॅट्रिक पास, राहणार माधव नगर, उज्जैन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी इंदूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर फारच गोड बोलतात, म्हणून घाई केली.

१. माझे दुसरे पुस्तक दिवाळीला येणार, असे प्रकाशकांचे पत्र आले आहे. त्याचे सर्व हक्क सून मृणाल हिला. दुपारी चहानंतर मी जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठींवर लिहायचे आणि ती टाइप करायची. अट एकच : सातव्या प्रकरणातला एक शब्दही गाळू नये.

कारण लिहिणे भाग आहे. ते प्रकरण माझ्या थोरल्या जाऊबाई, सुलूताई, यांचे आहे. त्या विधवा झाल्यावर, १९९१ साली, माझ्या यजमानांनी "वहिनी, गॅसच्या कनेक्शनचा कागद आहे" असे सांगून त्यांची सही घेतली. कागद या घरावरचा हक्क सोडल्याचा होता. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी ती वाचून केली होती.

मुलगा हर्षल म्हणतो, "आई, बाबा गेले. आता कशाला पंगा? घरचं घरात राहू दे ना."

मी म्हटले, "त्यांनाच तर राहू दिलं नाही आपण घरात."

तो ताटावरून उठला.

२. हस्तलिखित मी देव्हाऱ्यात, पोथ्यांशेजारी, लाल बासनात बांधून ठेवत असे. पाडव्याच्या सफाईत जीर्ण पोथ्या क्षिप्रेत सोडायला हर्षल गेला, त्यात तेही गेले. "पोथीच वाटली," म्हणाला. आमच्याकडे धडके कापड टाकत नाहीत, म्हणून बासन तेवढे घडी करून परत आणले. म्हणजे गाठ त्याने सोडली होती. सहा प्रकरणे मृणालकडे टाइप झालेली होती. सातवे मी बारा दिवसांत पुन्हा लिहिले.

३. यजमानांच्या पश्चात माझ्या नावे झालेले घर : अर्धे हर्षलला, अर्धे सुलूताईंची मुलगी ईरा हिला. सासूबाईंचा चांदीचा अडकित्ताही ईराला. तो थोरल्या सुनेकडे जायचा होता.

४. पहिल्या पुस्तकाच्या चाळीस प्रती पलंगाखाली आहेत. वाचनालयांना द्याव्यात. रद्दीवाल्याला देऊ नयेत, ते बटाटे नव्हेत. शब्दकोश मृणालला. तेराव्याला पंगत लहान ठेवावी.

५. लाल बासन हर्षलला. पुस्तक आले की पहिली प्रत त्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवावी. गाठ मारण्यापूर्वी सातवे प्रकरण वाचावे. बाबांना त्यात मी शिव्या दिलेल्या नाहीत. स्वतःलाही सोडलेले नाही.

६. सुलूताईंना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये, असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीला त्याच हव्या होत्या. आज त्या नानाखेड्याहून रिक्षाने आल्या. चौतीस वर्षांनी उंबरा ओलांडला. बसल्या नाहीत. कागद पाहून म्हणाल्या, "काय गं, या वेळी पण गॅसचाच ना?"

मी वरचे सगळे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी उभ्यानेच वाचले, दोनदा. मग खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, "पेन दे."

सही : प्रतिभा श्रीधर पोतनीस
उज्जैन, मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

आमच्यासमक्ष सही झाली :
१. सुलू वामन पोतनीस, नानाखेडा. वाचून सही केली.
२. शैलेंद्र दिघे, शेजारी, माधव नगर