आपल्या ओढ्यापुढचं शून्य

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावात तुमची आठवण काढणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत. तरी तुम्हालाच लिहिते आहे, कारण जिवंत माणसांपुढे हे सगळं बोलायची माझी हिंमत नाही. मी घाबरले आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

तुम्ही अभयारण्यात वनमजूर होतात, आणि मी त्याच जंगलात चतुर अन् टाचण्या मोजते. हसू नका. लहानपणी आम्ही पोरं ज्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो, त्यांच्यावरच माझी भाकरी चालते. पंख पसरून बसतो तो चतुर, काडीसारखी बारीक असून पंख मिटून बसते ती टाचणी. ओढ्याओढ्याने हिंडायचं आणि काय दिसलं ते तक्त्यात लिहायचं. त्यांची पिल्लं महिनोन् महिने पाण्यात, दगडांच्या आडोशाला वाढतात, म्हणून ओढा बिघडला की आधी हीच नाहीशी होतात.

संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे ओले पाय शेकत बसायचात आणि दिवसभराची नोंद मला सांगायचात. तुमचं शिक्षण दुसरीपर्यंतचं, अक्षर माझं बरं. कुठल्या टेकाडावर सांबर, कुठल्या पाणवठ्यावर पावलं, मी सगळं लिहून घ्यायची. एकदा एका पाणवठ्यापुढची जागा रिकामी राहिली. पान भकास दिसतंय म्हणून मी आपलं लिहून टाकलं, 'काही नाही'. तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलंत. "तितं म्या ग्येलोच न्हाई. तू कवा जाऊन आलीस?" आवाज चढवला नाहीत, पण वही हातातून काढून घेतलीत. मी मुसमुसत भाकरी खाते आहे, आई माझ्याकडे न बघता तवा पुसते आहे, आणि तुम्ही स्वतःच एकेक अक्षर कोरत बसला आहात. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी अकोल्याच्या बाजारातून माझ्यासाठी कोरी वही आणलीत आणि म्हणालात, "लिव्ह." पुढे मी ही नोकरी धरली ती त्या वहीपायीच, असं मला वाटतं.

आणि बघा, मी काय करून बसले. अभयारण्याची हद्द आपल्या गावाच्या वर संपते, ओढा काही तिथे थांबत नाही. वरच्या अंगाला, हद्दीच्या आत, मला एक टाचणी सापडली आहे. काळी, शेपटीच्या टोकाशी निळसर, पाण्यावर लोंबणाऱ्या मुळ्यांना धरून बसणारी. आपल्या आसपास दुसरीकडे कुठेच ती मला दिसलेली नाही. खालच्या आपल्या डोहावरही ती असावी असा माझा कयास. भाद्रपदात तेच बघायला गेले होते. डोहात उतरायला तो एकच कातळ. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथेच माझा पाय सटकला होता, आणि एका करवंदीच्या जाळीला धरून मी किती वेळ लोंबकळत होते ते माझं मलाच ठाऊक. तेव्हापासून शेवाळलेला दगड दिसला की माझी पाचावर धारण बसते. कुणाला कळू दिलेलं नाही. कातळ उतरता न येणारी बाई या कामावर कोण ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवशी वरच बसले, पिशवीतले शेंगदाणे खाल्ले आणि तक्त्यात शून्य लिहिलं. जागा रिकामी सोडली असती तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

ते शून्य आता ग्रामसभेच्या ठरावाला जोडलंय. डोह खोल करायचा, सिमेंटचा बंधारा घालायचा, उद्या सकाळी पोकलेन येणार. 'पाहणीत काहीही आढळले नाही' असं परवा सभेत वाचून दाखवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आबांची लेक हाय ती, खोटं लिव्हायची न्हाई." मी मान डोलावली. शरम वाटते सांगायला, पण डोलावली.

आज दुपारी शेवटी कामावरच्या साहेबांना फोन केला. म्हटलं, "सर, त्या डोहावर मी उतरलेच नव्हते." ते म्हणाले, "दोन दिवस मशीन थांबवायला सांगतो. उद्या जाऊन बघा आणि खरं काय ते लेखी द्या." का उतरला नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

म्हणजे उद्या उतरायचंच आहे. एकटीने जमणार नाही हे कळून चुकलं, म्हणून खालच्या आळीतल्या वहिनींकडे गेले. दर वर्षी फेब्रुवारीपासून पाण्यासाठी हंडा घेऊन टेकाड चढणाऱ्या ज्या बायका आहेत ना, त्यातल्या त्या एक. बंधारा व्हावा म्हणून सभेत त्यांनी सगळ्यांत आधी हात वर केला होता. म्हटलं, वहिनी, मला कातळाची भीती वाटते, हात धराल का? त्या हसल्या. "अवो वन्सं, त्यात लाजायचं काय? धरते की." मग तांदूळ निवडता निवडता थांबल्या. "पन तुमचं ते पाखरू घावलं, तर आमच्या पान्याचं काय वो?"

बंधारा थोडा खाली हलवता येईल, असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली आणि उद्या दहाला या म्हणाल्या.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण कुणाजवळ तरी बोलायला हवं होतं. आबा, वहिनींच्या ओट्यावरून उठताना माझ्या मनात आलं, त्या डोहावर काही सापडलं नाही तर बरं.