नदीपलीकडचा सर्व्हर

रविवार, १२ ऑक्टोबर

आज ऐन मिस्सेत सर्व्हर घुरघुरला. फादर इफेआनी डोळे मिटून उभे, सगळं चर्च चिडीचूप — आणि वेदीमागच्या खोलीतून, मेणबत्त्यांच्या कपाटातून, म्हातारा बोका घोरावा तसा आवाज! पंख्यात धूळ अडकली असणार. मी चर्चचा राखणदार. घंटा वाजवायची, दारं उघडायची, दिवे लावायचे. सर्व्हरचं खोकं तिथे ठेवायला फादरनी एकाच अटीवर परवानगी दिली होती — प्रार्थनेत त्याचा आवाज निघता कामा नये.

घरी येताना रोस्विता म्हणाली, "मागच्या बाकावरच्यांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. मी म्हटलं, नाही हो, आमच्या ह्याचं खेळणं आहे."

खेळणं! चार वर्षं झाली. बेचाळीस माणसं त्यावर बोलतात. जाहिरात नाही, मालक नाही, कोणी काय वाचायचं ते कुठली दूरची कंपनी ठरवत नाही. आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं तर तेही होतं — अशी हजारो खोकी आहेत, ज्याचं त्याचं, आणि सगळी एकमेकांना निरोप पोचवतात. गावाचा कट्टा गावाच्या कपाटात. नियम अकरा, मी स्वतः लिहिलेले. हेडविगबाईंनी ते छापून घेतले आणि लाल पेन्सिलीनं सात चुका काढून परत पाठवले. मला चौथीपर्यंत शिकवलं त्यांनी. वय आता शहाऐंशी. सभासद क्रमांक तीन.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

खोकं उघडलं. आत धूळ, एक मेलेली माशी. मागे फटीत माझ्या जुन्या मित्राचा, लेओनहार्टचा स्क्रूड्रायव्हर, पिवळ्या मुठीचा. आम्ही दोघांनी मिळून हे जोडलं तेव्हा राहिलेला.

खणात टाकला. परत काढला. शेवटी कोटाच्या खिशात ठेवला. कशाला, माहीत नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कट्ट्यावर आज कोणी भांडलं नाही. मुळ्यांचे तीन फोटो आले. ईश्वराचे आभार.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज फार वाईट वाटतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

दुपारी हेडविगबाईंकडे सरपण घेऊन गेलो. कॉफी दिली. म्हणाल्या, "चारच्या आत आटप हं, मला मग काम असतं." त्यांना आता कसलं काम — पण त्यांनी सांगितलं की आपण ऐकायचं, सवयच आहे. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "झेन्झी काही बोलत नाही रे माझ्याशी."

झेन्झी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, नदीपलीकडे क्लाइनरीडला. मध्ये नऊ किलोमीटर आणि दोघींची दोन निकामी खुब्यांची हाडं. रोज सकाळी बाई कट्ट्यावर मांजराचा फोटो टाकायच्या आणि झेन्झी तिकडून लिहायची, "अजून जाड झालं." चार वर्षं नेमानं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑगस्ट संपत आला तेव्हापासून. मीच काही लागट बोलले असेन. आमच्या वयात कोणी गप्प झालं की दोनच अर्थ असतात, क्विरिन. आणि दुसऱ्या अर्थाची, मयताची घंटा तर तू वाजवली नाहीस अजून."

ऑगस्ट!

झेन्झी लेओनहार्टच्या सर्व्हरवर आहे. आणि ऑगस्टात तो अख्खा सर्व्हर मी आमच्या बाजूनं बंद केला. एक बटण. ते दाबलं की नुसते निरोप थांबत नाहीत, इकडच्या-तिकडच्या माणसांची एकमेकांशी असलेली जोडणीच तुटते. सभासदांना तशी एक बारीक अक्षरातली सूचना जाते म्हणा. पण ती कोण वाचतं!

कप विसळून ठेवला आणि आलो.

रविवार, १९ ऑक्टोबर

स्वतःशी खरं लिहावं.

गेल्या वर्षी एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीनं आपल्याकडची माणसं आमच्यासारख्या छोट्या कट्ट्यांशी बोलू शकतील अशी सोय केली. मी म्हटलं, नको, लांडगा दारात पाय घालतो तो काही पाय धुवायला नाही. लेओनहार्ट म्हणाला, "लांडगा नाही रे, त्यात माझी आत्येबहीण आहे. ज्याला नको तो आपापलं दार लावेल. तू कोण सगळ्यांचं लावणारा?" खाणावळीत मतदान झालं. एकोणीस विरुद्ध अठरा. मी जिंकलो. तो बिअर अर्धी टाकून उठला, एकवीस माणसं घेऊन गेला आणि क्लाइनरीडच्या आपल्या लाकूडगिरणीत वेगळा सर्व्हर मांडला.

हेही एक वेळ चाललं असतं. आमच्या या जगात ते रीतीलाच धरून आहे — पटत नाही तर वेगळी चूल मांड, शेजार ठेव. पण ऑगस्टात त्यानं मला सगळ्यांदेखत लिहिलं — "कपाटातला पोप".

कपाटातला पोप!

त्याच दिवशी, संध्याप्रार्थनेची घंटा वाजवून आलो आणि बटण दाबलं. सभा नाही, मतदान नाही. अकरा नियमांतला चौथा माझाच आहे: "कोणताही सर्व्हर सभेशिवाय बंद करू नये." बाईंनी त्यात 'कोणताही'खाली लाल रेघ मारली होती. बरोबरची खूणही.

मोठ्यांच्या भिंतींना कंटाळून आम्ही इथे आलो. आणि मी पहिलं पक्कं बांधकाम केलं ते कसलं? भिंतीचंच.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

रोस्विताला सांगितलं. ती कणीक मळत होती. थांबलीसुद्धा नाही.

"म्हणजे कोणी तुला पोप म्हणालं, म्हणून तू दोन म्हाताऱ्यांची तोंडं बंद केलीस."

"मला माहीत नव्हतं त्या तिथून बोलतात ते."

"चार वर्षं मांजराचे फोटो बघतोयस तू!"

जरा वेळानं पुन्हा तीच: "खरे पोप तरी आधी विचार करत असतील."

शनिवार, २५ ऑक्टोबर

बंदी उठवली. सभेपुढे सगळं कबूल केलं. खाणावळीच्या मालकानं पोपसाहेबांसाठी म्हणून माझ्यासमोर मेणबत्ती आणून ठेवली. सगळे हसले. मीही हसलो, कान तापले तरी.

पण झालं काहीच नाही. झेन्झीचं खातं इकडून शोधलं तर सापडत नाही. तिकडूनही कडी लावलेली असणार. तो काय कमी आहे?

मी फादरकडे पापनिवेदनाला गेलो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. सर्व्हर, बटण, पोप. फादर मूळचे नायजेरियाचे, पण आमची बोली आमच्याहून अस्सल बोलतात. म्हणाले, "प्रायश्चित्त — तीन 'नमो मरिया' आणि नऊ किलोमीटर."

तीन 'नमो मरिया' लगेच म्हटल्या.

शनिवार, १ नोव्हेंबर. सर्व संतांचा दिवस

कबरींवर फुलं, दिवे. धुकं. लेओनहार्टच्या आईची कबर आमच्याच आवारात. तो आला होता. मी पवित्र पाण्याची बादली घेऊन मागे उभा. दोघांमध्ये चार पावलं. तो म्हणाला, "गवत नीट कापलंय." मी म्हणालो, "हो."

एवढंच. मागे रोस्विता पुटपुटली, "काय ती भाषणं!"

चाळीस वर्षांपूर्वी याच आवाराच्या भिंतीवर आम्ही दोघं पाय हलवत बसायचो. शाळा पलीकडेच, दोन खोल्यांची. भांडलो की हेडविगबाई छड्या मारायच्या नाहीत. दोन कड्यांची मोठी टोपली द्यायच्या — सरपण आणा, दोघांनी. ती एकट्याला उचलायचीच नाही. रडत, एकमेकांना लाथा मारत निघायचो, परत येईपर्यंत चाल जुळलेली असायची. जुळली नाही तर लाकडं सांडायची, मग पुन्हा फेरी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज बाईंनी मांजराचा फोटो टाकला नाही. मी जाऊन आलो. ठीक आहेत. म्हणाल्या, "कोणासाठी टाकू?"

रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. संत लेओनहार्टचा दिवस

सकाळी घोड्यांना आशीर्वाद. फादर घोड्यांना भितात. लांबूनच पाणी शिंपडतात. टेकडीवरच्या देवळाला बाहेरून लोखंडी साखळी वेढलेली आहे, सुटलेल्या कैद्यांनी वाहिलेल्या बेड्यांची, असं सांगतात. बेड्या तोडणारा संत. दर वर्षी आजच्या दिवसाआधी मी तिला तेल लावतो. यंदा तेल लावताना वाटलं, लेका, ही साखळी चकचकीत ठेवतोस आणि —

तर, गेलो. ज्याच्या नावाच्या संताचा दिवस असतो त्याच्या दारात जायला कारण लागत नाही. रोस्वितानं सफरचंदाचा स्ट्रूडेल बांधून दिला. "तू बोलू नकोस," म्हणाली, "आधी हा पुढे कर." सायकलनं पुलावरून. वारा तोंडावर.

गिरणी बंद होती. लेओनहार्ट पायरीवर बसून बूट पुसत होता. वर बघितलं.

"या पोपसाहेब. कपाट सोडून आलात?"

मी स्ट्रूडेल पुढे केला. आणि पाठोपाठ स्क्रूड्रायव्हर.

त्यानं स्क्रूड्रायव्हर बराच वेळ फिरवून बघितला. "चार वर्षं शोधतोय मी हा. बायकोवर आळ घेतला."

"तिची माफी माग."

"तू आधी मागायला सुरुवात कर, मग बघतो मी."

मागितली. अवघड वाटलं होतं तितकी अवघड गेली नाही. बाईंचं सांगितलं, झेन्झीचं सांगितलं. तो एकदम गंभीर झाला. "अरे, झेन्झी रोज मला विचारते — हेडविग आहे ना रे? मी म्हणतो, नसती तर क्विरिननं घंटा वाजवली असती, आणि ती बातमी इकडे आलीच असती. पण दोन महिने विचारतेय. माझा जीव खाल्ला तिनं."

"मग तू तुझ्याकडून का नाही उघडलंस?"

"तू बंद केल्यावर अर्ध्या तासात मी केलं. आधी कसा उघडणार? मला काय इभ्रत नाही?"

"मी उघडून बारा दिवस झाले."

"दाखव."

दाखवलं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग आत नेलं. त्याचं खोकं करवतीच्या पात्यांच्या मागे, वर पोत्याचं छत, धूळ बसू नये म्हणून. मी म्हटलं, "तुझं हे कोंबड्यांचं खुराडं दिसतंय." तो म्हणाला, "कोंबड्या प्रार्थनेत घोरत नाहीत." म्हणजे बातमी पोचली होती!

त्यानं बटण दाबलं. जुन्या जोडण्या अशानं परत येत नाहीत, एकेक नव्यानं जोडावी लागते. चालेल.

मोठ्या कंपनीबद्दल आमचं अजूनही एकमत नाही. त्याचं दार उघडं, माझं बंद. "तुझ्या घरात तू, माझ्या घरात मी," तो म्हणाला, "पण पूल दोघांचा." स्ट्रूडेलचा शेवटचा तुकडा त्यानंच खाल्ला.

परतताना वारा पाठीला होता.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बाईंकडे बसून झेन्झीचं खातं जोडलं. मांजराचा फोटो टाकला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. सहा मिनिटांनी उत्तर:

"अजून जाड झालं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मी खिडकीबाहेर बघत डोळे पुसले.

"रडतोस काय," बाई म्हणाल्या. "मांजरच जाड आहे."

रविवार, ९ नोव्हेंबर

मिस्सेनंतर बाईंनी बोलावलं. मोबाइलवरची अक्षरं मोठी करून हवी होती. "चारच्या आत कर हं." त्या कॉफीला आत गेल्या. कुठलं तरी चुकीचं बटण दाबलं गेलं आणि समोर केलेल्या फोनांची यादी उघडली.

झेन्झी, काल चार वाजता. परवा चार वाजता. तेरवा चार वाजता. मी खाली खाली गेलो — ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. एकही दिवस चुकलेला नाही. बहुतेक दिवशी तासभर.

अक्षरं मोठी केली. फोन जागेवर ठेवला. बाई कपबशी घेऊन आल्या आणि माझ्याकडे नीट बघितलं — चौथीच्या वर्गात बघायच्या तसं.

"टोपली जड होती का रे?" म्हणाल्या.