नमस्कार केला की अळी जाते

८ ऑक्टोबर २०१७
ठरलं. आमच्या गेममध्ये रक्त नाही, मारामारी नाही, कुणी हरणारही नाही. कापूस वेचायचा, बस. सगळ्या घराने मिळून खेळावा असा. चित्रं माझी मैत्रीण गझाला काढणार, बाकी सगळं मी. तिने विचारलं, कुणी हरतच नसेल तर खेळायचं कायले? तिला अजून ध्येय म्हणजे काय ते कळलेलं नाही.

यवतमाळच्या संस्थेने गेम निवडला तर वर्षभर तिथे बसायला जागा आणि कॉम्प्युटर मिळेल. नाही निवडला तर आर्णीचे पाहुणे मला बघायला येतील. बाबांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिलीय. घरातली पहिली पदवीधर मी — म्हणून मुदत तरी मिळाली.

१२ ऑक्टोबर
गेममध्ये कापसावर पडणाऱ्या अळीचा प्रश्न सुटला! मारायची नाही. नमस्कार करायचा, की ती बांध ओलांडून शेजारच्या वावरात जाते.
गझाला म्हणाली, शेजाऱ्याचं काय?
हा विचार केला नव्हता.

१५ ऑक्टोबर
आईला गेम खेळायला दिला. ती हातच लावेना. "सीतादई केल्याबिगर पहिल्या बोंडाले हात लावू नाही." मी म्हटलं, आई, हा मोबाईल आहे. ती म्हणाली, कापूस त हाय ना त्यात. मी पाणी प्यायला उठले, तेवढ्यात तिने वेचणीआधीची ही पूजा उरकली : हळदकुंकू लावून मोबाईलवर दहीभात शिंपडला. श्रद्धेने. भरपूर.

१६ ऑक्टोबर
दारव्ह्याला गझालाच्या भावाच्या दुकानात गेले. इम्तियाजभाईंनी मोबाईल उघडला, स्पीकरमधून भाताचं शीत काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

१७ ऑक्टोबर
मोबाईल सुरू. आंबट वास येतो. गेममध्ये आता आधी सीतादई, मग वेचणी.

५ नोव्हेंबर
संस्थेच्या नरहर सरांचा फोन. गेम फार आवडला. दहीभात तर फारच. "फक्त ती अळी काढा. आपल्याला सकारात्मक जिल्हा दाखवायचाय." नमस्कार करून घालवतो, म्हटलं. तर म्हणे, तिचं असणंच नकारात्मक आहे. काढली. तत्त्वाला काही धक्का लागत नाही.

संध्याकाळी बाबांना दाखवला. झाडाझाडावर कापूस, कितीही वेचा. त्यांनी थोडा वेळ वेचला नि मोबाईल परत दिला. "हे कोनाचं वावर हाय?" वेचणीला येणारी लालीबाई तर खेळता खेळता झोपली.

१९ नोव्हेंबर
निवड झाली!! सर म्हणाले, कापूस आणखी पांढरा करा.

घरी सांगायला धावले. बाबा ओट्यावर बोंडं फोडत बसले होते. एक फोडलं, आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही. त्यांनी तिसरं घेतलं. मी निवडीचं नंतर सांगितलं.

२६ नोव्हेंबर
कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर फिरवायचा म्हणतात बाबा.
आईने विचारलं, तुह्या गेमातली अळी कुठं गेली? सांगितलं, सरांनी काढायला लावली.
"आन तिले वापस. अन् नमस्कार नको. बोटानं चिरडू दे."
मी म्हटलं, ती हिंसा होईल.
"मंग तुह्या सराले बोलाव वावरात. करून पाहू दे त्याले नमस्कार."

३० नोव्हेंबर
अळी परत टाकली. बोटाखाली फुटते. तो आवाज गझालाने तोंडाने काढला, फारच मन लावून. अळ्या वाढल्या की पीक जातं, खेळणारा हरतो. आई हरली. लगेच पुन्हा बसली. लालीबाई आईला म्हणे, माह्या पाळीले घुसू नका, कुंदाबाई. बाबा दोघींच्या मागे उभे राहून — वरतं पाह्य, वरतं!

मी पण चिरडल्या. बऱ्याच.

सरांना हाच गेम पाठवला.

४ डिसेंबर
निवड रद्द. कारण : हिंसा.

बाबांनी माझ्यासमोर आर्णीला फोन लावला. "इतक्यात येऊ नका. पोरीचं काम सुरू हाय."